घर ठरवण्याआधी शाळेचा फलक वाचता यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना आला की बेळगावात भाड्याच्या घरांच्या शोधात निघालेली कुटुंबे गल्लोगल्ली दिसू लागतात. कोणाची बदली झालेली असते, कोणाला उद्यमबागेत काम लागलेले असते, तर कोणी खानापूर किंवा निपाणीकडची मंडळी मुलांच्या शिक्षणासाठी शहरात बिऱ्हाड करणार असतात. यांपैकी ज्या घरांत ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि एका जागी बसणे कठीण जाणे) किंवा डिस्लेक्सिया (वाचन-लेखनात अडचण येणे) असलेले मूल आहे, त्या घरांना वस्ती आणि शाळा निवडताना जी माहिती लागते ती आज कोणत्याही फलकावर, कोणत्याही कार्यालयाच्या भिंतीवर मराठीत वाचायला मिळत नाही. ती माहिती शिक्षण खात्याकडे असते. आम्हा पालकांपर्यंत मात्र ती ओळखीपाळखीतून, उशिरा आणि अर्धवट पोहोचते. हे बदलणे अवघड नाही, असे मला अनुभवाने वाटते आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आम्ही दोन वर्षांपूर्वी गडहिंग्लजहून येथे आलो. माझ्या यजमानांना एका फाउंड्रीत नोकरी मिळाली होती. मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती आणि मुलगा सात वर्षांचा. मुलाला ऑटिझम आहे, ज्याला आपण स्वमग्नता म्हणतो. मुलीला एडीएचडी आहे आणि त्याच्या जोडीला अध्ययन अक्षमता, म्हणजे बोलण्यात आणि समजण्यात ती कोणाला हार जाणार नाही, पण पुस्तक उघडले की ओळीतली अक्षरे जागेवर राहत नाहीत असे ती सांगते. घर पाहताना आम्ही चारचौघांसारखेच प्रश्न विचारले: भाडे किती, डिपॉझिट किती, नळाला पाणी किती दिवसांनी येते, कारखाना किती लांब. वडगावात दोन खोल्यांचे स्वच्छ, हवेशीर घर मिळाले आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी सामान आणून टाकले.

घर रविवारी दुपारी पाहिले होते आणि तेव्हा मागच्या बाजूचे यंत्रमाग बंद होते. सोमवारी सकाळी ते सुरू झाले आणि आमचा मुलगा कॉटखाली गेला. पुढचे अडीच महिने माग चालू असेपर्यंत तो बहुतेक वेळ तिथेच, दोन्ही कानांवर उशी दाबून पडलेला असे. जेवणाचे ताट मी कॉटखाली सरकवत असे. वीज गेली की माग थांबत, आणि मग तो आपणहून बाहेर येऊन दारात उभा राही, रस्त्याकडे बघे, क्वचित हसे. वीज आली की पुन्हा आत. वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत कितीतरी घरे मागावर जगतात आणि त्या खडखडाटात कोणाचा दोष आहे असे मी मुळीच म्हणत नाही. दोष आमचा होता, कारण आम्ही घर एकदाच, एकाच वेळी पाहिले होते. म्हणून नव्याने येणाऱ्या पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की घर तीन वेळा पाहावे: कामाच्या दिवशी सकाळी, शाळा सुटण्याच्या वेळी आणि दिवे लागल्यानंतर. शेवटच्या फेरीत मुलाला बरोबर न्यावे आणि आपण गप्प राहून त्याच्याकडे पाहावे.

याच घरात माझ्या मुलीचे मात्र उलट झाले. मागाच्या एकसुरी तालात तिचे मन ठरे. ती पाय हलवत, त्या लयीत पाढे म्हणत अभ्यास करी, आणि नंतर आम्ही शांत वस्तीत घर बदलले तेव्हा तिची तक्रार सुरू झाली की इथे घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येते. एकाच आईची दोन मुले, एकच निदानपत्रांची फाईल, आणि एकाला जे सोसवत नाही ते दुसरीला हवे असते. त्यामुळे ‘अशा मुलांसाठी बेळगावात कोणता भाग चांगला?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर देता येत नाही. मला हा प्रश्न आता आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारते आणि मी आधी मुलाविषयी विचारते.

आमच्यासाठी निर्णायक ठरलेल्या दोन गोष्टी मात्र सांगते, कारण त्या बेळगावच्या रचनेतल्या आहेत. पहिली रेल्वेची. शहराच्या मधून लोहमार्ग जातो आणि टिळकवाडीकडची फाटके दिवसातून अनेकदा बंद होतात. इतर मुलांना तो दहा मिनिटांचा खोळंबा असतो. ज्या मुलाचा सगळा दिवस ‘आधी हे, मग ते’ या क्रमावर उभा आहे, त्याला शाळेच्या वाटेवर अचानक पडलेले फाटक म्हणजे पुढच्या दोन तासांचा आकांत असतो. म्हणून दुसरे घर आम्ही शाळा ज्या बाजूला आहे त्याच बाजूला घेतले, आणि तेही चालत जाण्याच्या अंतरावर, कारण जून ते ऑगस्ट बेळगावचा पाऊस थांबत नाही आणि ओल्या रेनकोटचा स्पर्श, भरलेली रिक्षा, चिखल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की शाळा सुरू होण्याआधीच दिवस संपतो. दुसरी गोष्ट सणांची. घरमालकाला गल्लीतल्या गणेश मंडळाचा मंडप कुठे उभा राहतो आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा मार्ग कोणता, हे आधीच विचारून घ्यावे. आम्ही मंडळाच्या कार्यकर्त्यांना मुलाची अडचण सांगितली तेव्हा त्यांनी स्पीकरचे तोंड आमच्या खिडकीकडून वळवले आणि आरतीची वेळ मला आदल्या दिवशी कळवायला सुरुवात केली. सांगितले नसते तर त्यांना कसे कळणार होते?

आता शाळेविषयी. आम्ही प्रथम ज्या शाळेत गेलो तिथे मुलाशी एक शब्दही न बोलता ‘यांच्यासाठी वेगळ्या शाळा असतात’ असे सांगण्यात आले. त्या दिवशी मी मुकाट्याने परत आले, कारण मला कायदा माहीत नव्हता. आज माहीत आहे आणि तो सर्व पालकांना माहीत असावा असे वाटते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घेण्यास मनाई केली आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. ही निवड मुलाची आणि पालकांची आहे, मुख्याध्यापकांची नाही. याच कायद्याच्या कलम 16 मध्ये सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, मुलाच्या गरजेनुसार सोयी कराव्यात आणि अध्ययन अक्षमता लवकरात लवकर ओळखून तशी शिकवण्याची पद्धत ठेवावी, असे स्पष्ट म्हटले आहे. घरी राहून शिक्षण घेण्याची तरतूद 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी झाली, पण तो त्यांचा हक्क आहे. शाळेने नको असलेल्या मुलाला घरी बसवण्याची ती पळवाट होऊ नये.

सीमेपलीकडून येणाऱ्यांची आणखी एक अडचण कागदांची आहे. महाराष्ट्रातला शाळा सोडल्याचा दाखला मिळायला आम्हाला वेळ लागला आणि तोवर मुलगी घरी राहिली. तिला घरी ठेवण्याची गरज नव्हती, कारण दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश नाकारता किंवा लांबवता येत नाही, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम 5 सांगते. मुलाचे दिव्यांगत्व प्रमाणपत्र कोल्हापूर जिल्ह्यातले होते, तर एका कार्यालयात ‘इथले नवे काढा’ असे ऐकावे लागले. वास्तविक असे प्रमाणपत्र देशभर ग्राह्य असल्याचे कायद्यातच लिहिले आहे. मुलीच्या बाबतीत वेगळाच धडा मिळाला. कायद्यातल्या 21 प्रकारांत एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. ज्या मुलाला केवळ एडीएचडी आहे त्याच्या पालकांच्या हाती प्रमाणपत्र येत नाही आणि त्या मुलांचे सगळे शिक्षकांच्या समजूतदारपणावर अवलंबून राहते.

वेळापत्रकाचीही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. कर्नाटकातील शाळा मे महिन्याच्या अखेरीस उघडतात, आपल्या गडहिंग्लज-चंदगडकडच्या शाळा जूनच्या मध्यावर. आम्ही महाराष्ट्राच्या हिशेबाने आलो आणि मुलगा वर्गात गेला तेव्हा बाक, जागा, मित्र, रांगेतले क्रमांक सगळे ठरून गेले होते. अशा मुलाला पहिल्या दिवशी सगळ्यांबरोबर अनोळखी असणे सोपे जाते, पंधराव्या दिवशी एकट्याने अनोळखी असणे फार कठीण जाते. जमल्यास मे महिन्यातच यावे आणि शाळा उघडण्यापूर्वी रिकाम्या वर्गात मुलाला दोन-तीनदा फिरवून आणावे. आमच्या आताच्या मुख्याध्यापिकांनी दुसऱ्या वर्षी तसे करू दिले. मुलाने रिकाम्या वर्गातल्या सगळ्या खिडक्या मोजल्या, पंख्याचे बटण कुठे आहे ते पाहिले आणि शाळेच्या पहिल्या दिवशी हात सोडून आत गेला.

येथील सरकारी शाळांच्या बाजूने एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण आपल्यातील बरीच मंडळी सरकारी मराठी शाळेचा विचारच न करता मुलाला इंग्रजी माध्यमात घालतात. कर्नाटकात पहिली ते तिसरीसाठी ‘नली-कली’ पद्धत आहे. मैसूरकडच्या एच. डी. कोटे तालुक्यात 1995 च्या सुमारास ती सुरू झाली आणि पुढे राज्यभर पोहोचली. यात मुले जमिनीवर गटांत बसतात, प्रत्येकाची शिकण्याची शिडी असते आणि एक पायरी झाली की मूल पुढचे कार्ड उचलते. शेजारचा चार पायऱ्या पुढे गेला म्हणून याला ओढत नेले जात नाही. आमच्या मुलाला शिडी ताबडतोब समजली, कारण पुढे काय येणार हे त्याला दिसत होते. गटांतली कुजबुज आणि सतत जागा बदलणे त्याला जड गेले, पण बाईंनी त्याचा गट खिडकीजवळ कायमचा ठेवला आणि प्रश्न बऱ्यापैकी सुटला. पटसंख्या कमी म्हणून ज्या शाळांना आपण नावे ठेवतो, त्यांतल्या अठरा-वीस मुलांच्या वर्गात माझ्या मुलाचे नाव बाईंना पहिल्या दिवशी पाठ होते. शाळेची रंगरंगोटी पाहण्यापेक्षा एका वर्गात किती मुले बसतात, तिसरीनंतर वर्ग कोणाकडे जातो आणि त्या शिक्षिका कायम नेमणुकीच्या आहेत की अतिथी शिक्षिका, हे विचारावे; वर्षाच्या मध्ये शिक्षक बदलला की अशा मुलाची सहा महिन्यांची कमाई विरघळते.

माध्यमाचा प्रश्न आपल्या भागात नाजूक आहे, याची मला जाणीव आहे. राज्यघटनेच्या कलम 350 अ ने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याचे सांगितले आहे, आणि ज्याला आधीच बोलणे कष्टाने साधते त्या मुलाला घरची भाषा शाळेत मिळणे ही तर त्याची पहिली गरज आहे. मराठी माध्यमाच्या शाळेतही कन्नड आणि इंग्रजी शिकावी लागते, म्हणजे देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्या हाताळाव्या लागतात. माझ्या मुलीला कन्नडची गोल, एकमेकांसारखी वळणे पहिल्या वर्षी रडवून गेली. तिच्या शिक्षिकेने एकेक अक्षर वाळूच्या ताटात बोटाने गिरवून घेतले तेव्हा हळूहळू बसले, आणि जादा वेळ मिळाला तर ती पेपर पुरा करते. शालान्त परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळवण्यासाठी शाळेमार्फत आधीपासून कागद तयार ठेवावे लागतात. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत तासाला किमान 20 मिनिटे जादा देण्याचे सांगितले आहे. दहावीच्या दारात जाऊन धावपळ करण्यापेक्षा आठवीतच मुख्याध्यापकांशी बोलावे.

‘घरात एकच भाषा बोला, शक्यतो इंग्रजी’ असा सल्ला आम्हालाही एका ठिकाणी मिळाला होता. दोन भाषा कानांवर पडल्याने ऑटिझम असलेल्या मुलाचे बोलणे आणखी मागे पडते, असे अभ्यासांतून दिसून आलेले नाही, आणि माझ्या घरी तर वेगळेच घडले. आमचा मुलगा नको असलेली गोष्ट तोंडाने कधीच नाकारत नसे. ताट ढकली, किंचाळे, उठून पळे. शाळेत अक्षर दासोह या सरकारी योजनेतले दुपारचे जेवण वाढणाऱ्या कन्नड भाषिक अक्का प्रत्येक मुलापुढे पळी धरून ‘साका?’ असे विचारतात, म्हणजे पुरे का? रोज तीच पळी, तोच सूर, तोच प्रश्न. चौथ्या महिन्यात एके दिवशी तो त्यांना ‘साकु’ म्हणाला. पुरे. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कोणाला तरी शब्दांनी थांबवले होते. अक्कांनी पळी तिथेच थांबवली, आणि मला सांगायला संध्याकाळी शाळेच्या फाटकाशी उभ्या राहिल्या. आता तो घरी मलाही ‘साकु’ म्हणतो आणि मीही तिथेच थांबते. त्याच शाळेत क्षीरभाग्य योजनेत मिळणाऱ्या दुधावरची साय पाहून त्याला उलटी व्हायची, तेव्हा त्याच अक्कांनी त्याच्यासाठी वेगळी गाळणी ठेवली. कोणत्याही माहितीपत्रकात अशा अक्का लिहिलेल्या नसतात, म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा जेवणाच्या सुट्टीत जा.

आता मूळ मागणीकडे येते. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेअंतर्गत आपल्या राज्यात प्रत्येक शिक्षण गटात समावेशित शिक्षणाचे संसाधन शिक्षक असतात. ते शाळांना भेटी देतात, विशेष गरजा असलेल्या मुलांच्या नोंदी ठेवतात आणि वर्गशिक्षकांना मार्गदर्शन करतात. हे शिक्षक आम्हाला शाळेत सात महिने काढल्यावर योगायोगाने भेटले. त्यांच्याकडे मुलांच्या नोंदींची वही होती, कोणत्या शाळेत उतार आहे, कोठे शिक्षकांचे प्रशिक्षण झाले आहे, हे त्यांना तोंडपाठ होते. हे आम्हाला घर शोधण्यापूर्वी कळले असते तर वडगावचे ते अडीच महिने टळले असते. शिवाय बेळगाव शहर आणि बेळगाव ग्रामीण असे शिक्षण खात्याचे दोन वेगळे गट आहेत. हिंडलगा, कंग्राळी, मच्छे ही शहराला चिकटलेली गावे ग्रामीण गटात येतात, म्हणजे घर रस्त्याच्या अलीकडे घेतले की पलीकडे यावर मुलाचे संसाधन शिक्षक बदलतात. नव्याने येणाऱ्या माणसाला हे कोण सांगणार? जिल्ह्यात बेळगाव आणि चिक्कोडी असे दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, त्यामुळे निपाणीकडच्या पालकांना विचारपूस चिक्कोडीला करावी लागते, हेही अनेकांना ठाऊक नसते.

सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑक्टोबर 2021 रोजी रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांचे प्रमाण प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक आणि त्यावरील वर्गांत पंधरा मुलांमागे एक असे सांगितले. इतके शिक्षक मिळेपर्यंत आम्ही वाट पाहू, पाठपुरावाही करू. पण आज जे आहेत त्यांची माहिती देण्यासाठी नवी पदे लागत नाहीत. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी दरवर्षी एप्रिल संपण्यापूर्वी आपल्या गटातील सरकारी शाळांची प्रभागवार यादी कन्नडबरोबर मराठीतही लावावी: माध्यम कोणते, वर्ग कितवीपर्यंत, एका वर्गात मुले किती, संसाधन शिक्षक महिन्यातून कोणत्या दिवशी येतात, आणि विशेष गरजा असलेली मुले सध्या शिकतात का. मुलांची नावे किंवा निदाने त्यात येता कामा नयेत. आकडा पुरेसा आहे. सरकारी शाळांच्या दर्शनी फलकावर पटसंख्या लिहिलेली असतेच, त्याखाली संसाधन शिक्षकांच्या भेटीचा दिवस लिहायला खडूची एक ओळ लागते.

आपल्या वृत्तपत्रानेही ही यादी मिळवून मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात छापावी, अशी मी आपणांस हात जोडून विनंती करते. शाळा सुधारणा समित्यांमध्ये पालक असतात आणि हा ठराव त्यांना करता येतो. आमच्या शाळेच्या समितीची बैठक येत्या शनिवारी आहे. मी विषय लेखी दिला आहे, आणि मुख्याध्यापिकांनी फलकावर ती ओळ लिहिण्यासाठी जागा आखून ठेवली आहे.

आपली नम्र,
दोन मुलांची आई, टिळकवाडी, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)